प्रशीतन-संयंत्रातील अशुद्धी-नियंत्रण

औद्योगिक प्रशीतन-संयंत्रातून फिरणाऱ्या प्रशीतकात, म्हणजे बहुधा अमोनियात, हवा, पाणी, तेल आणि घन कचरा शिरतो. तो ओळखणे, मोजणे, बाहेर काढणे आणि पुन्हा शिरू न देणे, या सर्व कामांना मिळून अशुद्धी-नियंत्रण ही संज्ञा आहे. यांतली कोणतीही अशुद्धी संयंत्र सहसा बंद पाडत नाही. गारवा मिळत राहतो, पण तेवढ्याच गारव्यासाठी कॉम्प्रेसर जास्त वीज खातो. बिघाड दिसत नसल्याने दुरुस्तीच्या यादीत तो येत नाही, आणि वीजबिलात वेगळा रकानाही त्याला नसतो. त्यामुळे या विषयात मोजमापाला दुरुस्तीइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व आहे.

प्रशीतन, प्रशीतक, संपीडक, संघनक, बाष्पित्र हे शब्द मराठी पारिभाषिक कोशांत स्थिरावले असले, तरी यंत्रघरात ते क्वचितच ऐकू येतात. बडोद्याच्या मराठी ऑपरेटरच्या तोंडी कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॉइल हेच शब्द असतात. ‘हेड चढलं’ म्हणजे कंडेन्सरचा दाब वाढला आणि ‘सिस्टिमनं हवा धरली’ म्हणजे त्यात न थिजणारे वायू साठले. दाब ‘किलो’त सांगतात, हा किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम, सुमारे ०.९८ बार. या नोंदीत यंत्रघरातले शब्द ठेवले आहेत. दाब बारमध्ये दिला असून ‘निरपेक्ष’ असे म्हटले नसेल तेथे तो गेजवरचा, म्हणजे वातावरणाच्या दाबाहून जितका जास्त तितका, समजावा.

बडोदे व परिसरात अशी संयंत्रे दुग्धप्रक्रिया, आइस्क्रीम, बर्फ, औषधे, रसायने आणि शीतगृहे या उद्योगांत आहेत. मकरपुरा, नंदेसरी, मांजुसर, पादरा ही त्यांची मुख्य ठिकाणे. शहराला अमोनिया परका नाही. १९६२ मध्ये स्थापन झालेला गुजरात स्टेट फर्टिलायझर्सचा खतकारखाना शहराला लागूनच आहे. यांत्रिक शिक्षणाची परंपरा त्याहून जुनी. सयाजीराव गायकवाडांच्या काळात १८९० मध्ये निघालेले कलाभवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेच्या रूपाने चालू आहे.

*पूर्वेतिहास.* पाणी ही अमोनियातली अशुद्धी आहे, ही कल्पना अमोनिया-यंत्राइतकी जुनी नाही. फेर्दिनां कारे याच्या १८५९–६० च्या सुमाराच्या शोषण-यंत्रात पाणी हे अमोनियाचे जोडीदारच होते. अमोनिया शोषून घेणे आणि तापवल्यावर सोडून देणे हेच त्याचे काम. अमोनिया कॉम्प्रेसरने दाबण्याची पद्धत आल्यावर पाणी निरुपयोगी, मग उपद्रवी ठरले. ही पद्धत प्रथम कोणाची याबद्दल एकमत नाही. अमेरिकेत डेव्हिड बॉयल याला १८७२ मध्ये एकस्व (पेटंट) मिळाले. म्युनिकच्या कार्ल लिंडे याने आधी मिथाइल ईथरवर यंत्र चालवून १८७६ च्या सुमारास अमोनिया वापरला. एकस्वाची तारीख प्रमाण मानणारे बॉयलला मान देतात, तर जर्मन परंपरेतले लेखक लिंडेला. लिंडेने यंत्राला उष्मागतिकीचा हिशेब दिला आणि गारव्याच्या प्रत्येक एककाला किती काम खर्च होते हे मोजण्याची सवय लावली. प्रस्तुत विषय त्या सवयीतूनच निघाला असल्याने येथे लिंडेचे स्थान वरचे मानणे योग्य वाटते.

*न थिजणारे वायू.* कंडेन्सरच्या तापमानाला द्रव न होणारे सगळे वायू यात मोडतात. ते येतात कुठून, यावर बराच वाद झाला आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांत अमोनिया स्वतःच फुटून नायट्रोजन व हायड्रोजन होतो, हे कारण ठळकपणे दिलेले असते. समतोलाचे गणित पाहिले तर १३०–१४० अंश डिस्चार्ज (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या वाफेच्या) तापमानाला असे थोडेफार विघटन व्हायला आडकाठी नाही. पण उत्प्रेरकाशिवाय त्या तापमानाला त्याचा वेग नगण्य असतो, आणि ही गोष्ट त्या मांडणीत निसटलेली दिसते. तापलेल्या तेलाच्या विघटनातून थोडे वायू निघतात, हे मान्य होण्यासारखे आहे. तरीही बहुतांश वायू म्हणजे बाहेरची साधी हवाच असते, हे मत अधिक ग्राह्य आहे. पोकळीखाली चालणाऱ्या, म्हणजे सक्शनचा (कॉम्प्रेसर जिकडून वाफ ओढतो त्या बाजूचा) दाब वातावरणापेक्षा कमी असलेल्या संयंत्रांत हवा जास्त व लवकर साठते, याची संगती त्याच मताने नीट लागते.

समुद्रसपाटीच्या दाबाला अमोनिया −३३.३ अंश सेल्सिअसला उकळतो. बडोदे जेमतेम ३५–४० मीटर उंचीवर असल्याने हाच आकडा तेथे चालतो. इंदूर सुमारे ५५० मीटरवर आहे, हवेचा दाब तेथे ०.९५ बारच्या आसपास, म्हणून तिथल्या गेजचा शून्य म्हणजे जवळपास −३४.६ अंश; तक्ते वापरताना हा फरक विसरला जातो. आइस्क्रीम घट्ट करण्यासाठी −४० अंशाला चालणाऱ्या संयंत्रात सक्शनचा निरपेक्ष दाब ०.७२ बार इतकाच असतो. अशा ठिकाणी व्हॉल्व्हच्या दांडीचे पॅकिंग सैल झाले किंवा कॉम्प्रेसरचे शाफ्ट-सील झिजले, तर अमोनिया बाहेर येत नाही, हवा आत जाते. वास येत नाही, म्हणून गळती कळत नाही. सक्शनच्या बाजूला वास नाही याचा अर्थ तिथे गळती नाही असा घेतला जातो, तो चुकीचा आहे.

हवेची चाचणी साधी आहे, पण घाईने केली तर फसवते. कॉम्प्रेसर बंद करावा. कंडेन्सरचा पाण्याचा पंप आणि पंखे चालू ठेवावेत. आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान एक होऊन द्रव-नळीचे तापमानही स्थिर होईपर्यंत थांबावे. याला अर्धा तास सहज लागतो. मग त्या तापमानाचा संपृक्त दाब (द्रव व वाफ समतोलात असतानाचा शुद्ध अमोनियाचा दाब) तक्त्यातून घेऊन गेजशी ताडावा. द्रव ३० अंशाला असेल तर शुद्ध अमोनियाचा निरपेक्ष दाब ११.६७ बार, गेजवर १०.७. गेज ११.४ दाखवीत असेल तर जादा ०.७ बार हवेचा. या पट्ट्यात एका अंशाला सुमारे ०.३५ बार पडतात, म्हणजे कॉम्प्रेसर दोन अंश वरच्या कंडेन्सिंग तापमानाविरुद्ध झगडतो आहे. एका अंशाला वीज २ ते ३ टक्के वाढते असे धरतात. १०० किलोवॅटचा कॉम्प्रेसर वर्षाला ५,००० तास चालत असेल, तर ५ टक्क्यांनी २५,००० युनिट होतात. ८ रुपये दराने दोन लाख रुपये. प्रत्यक्षात हानी याहून जास्त असण्याचा संभव आहे. संयंत्र चालू असताना हवा सगळीकडे सारखी पसरत नाही. ती थिजणाऱ्या वाफेबरोबर नळ्यांच्या पृष्ठभागाकडे ओढली जाते आणि तिथेच गोधडीसारखी बसते.

या चाचणीत गेजचा दर्जा निर्णायक ठरतो. ० ते २५ बार पट्ट्याचा, १.६ वर्गाचा (पूर्ण पट्ट्याच्या १.६ टक्के चूक चालणारा) गेज नवा असतानाच ०.४ बारने चुकू शकतो, म्हणजे एका अंशाहून जास्त. तापमान उघड्या नळीवर संवेदक टेकवून घेतले तर आणखी अंशभर चूक होते. संवेदक नळीला घट्ट बांधून वरून इन्सुलेशन गुंडाळावे लागते. म्हणून ०.४ बारच्या आतल्या फरकावरून ‘हवा आहे’ असे म्हणू नये, आणि ‘हवा नाही’ असेही म्हणू नये.

बडोद्याच्या हवामानाने या गोंधळात भर पडते. बाष्पन-कंडेन्सर ओल्या फुग्याच्या, म्हणजे ओले फडके गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या, तापमानावर चालतो. मे महिन्यात ऊन कडक असले तरी हवा कोरडी असते. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन नसते, पण ओला फुगा २७ अंशांच्या घरात जातो. त्यामुळे पावसाळ्यात हेड चढले की त्याचे खापर हवामानावर फुटते. हिवाळ्यात तेच हेड उतरते, आणि हवा आत तशीच असताना सगळे ठीक वाटते. दाबाचा आकडा एकट्याने काही सांगत नाही. शेजारी द्रवाचे तापमान लिहिले तरच त्याला अर्थ येतो. यंत्रघराच्या वहीत हे दोन रकाने शेजारीशेजारी आखून घेणे, हा या विषयातला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

हवा काढण्याची जागा नीट निवडावी लागते. हवा अमोनियाच्या वाफेपेक्षा जड असते आणि द्रव जिथून बाहेर पडतो त्या टोकाला साठते. प्रत्येक कंडेन्सर-कॉइलच्या द्रव-निकासाशी एक आणि रिसीव्हरच्या (थिजलेला द्रव साठवणाऱ्या भांड्याच्या) वरच्या अंगाला एक असे बिंदू ठेवतात. एका वेळी एकच बिंदू उघडायचा. दोन कॉइलांचे बिंदू एकदम उघडले की त्यांच्यातला थोडा दाबफरक नळीवाटे एकसारखा होऊ लागतो आणि एका कॉइलमध्ये द्रव वर चढून बसतो. मग हवा निघत नाही, शिवाय कंडेन्सरचे पृष्ठफळही कमी होते.

हाताने पर्ज करताना, म्हणजे व्हॉल्व्ह उघडून हवा सोडताना, जे बाहेर जाते त्यात अमोनियाच जास्त असतो. वरच्याच उदाहरणात ११.६७ भाग अमोनियाला ०.७४ भाग हवा. वजनाच्या हिशेबाने एक किलो हवा काढायला नऊ किलोंवर अमोनिया गमवावा लागतो. स्वयंचलित पर्जर तोच वायू त्याच दाबाला −२० अंशापर्यंत थंड करतो. तिथे अमोनियाचा आंशिक दाब १.९ बारवर येतो, बाकीचा थिजून परत जातो आणि किलोभर हवेमागे जेमतेम १०० ग्रॅम अमोनिया जातो.

बाहेर पडणारा वायू पाण्याच्या बरणीतून सोडतात. बुडबुडे पृष्ठभागापर्यंत येऊन फुटत असतील तर हवा निघते आहे; ते वाटेतच आटून तडतड असा बारीक आवाज येऊ लागला तर अमोनिया जातो आहे, आणि पर्जर बंद करण्याची वेळ झाली. हे पाणी अमोनियाने भरत गेले की खूण फिकी पडते, म्हणून ते बदलत राहावे.

*पाणी.* याच बरणीतून दुसरी अशुद्धी आत शिरते. रबरी नळीचे टोक पाण्याच्या पिंपात बुडवून वायू किंवा तेल काढताना आतला दाब संपला, तर नळीतला अमोनिया पाण्यात विरघळून पोकळी होते आणि पिंपातले पाणी उलट दिशेने भांड्यात ओढले जाते. मार्गात एकदिशा व्हॉल्व्ह नसेल आणि माणूस जागेवर नसेल, तर काही लिटर पाणी क्षणात आत जाते. पाण्याचे इतर मार्ग म्हणजे जलदाब-चाचणीनंतर नळ्यांत राहिलेले पाणी, फुटलेली कंडेन्सरची किंवा तेल-कूलरची नळी, प्लेट-चिलरची गळती आणि पोकळीतून शिरलेली दमट हवा. पावसाळी हवा जिथे शिरते तिथे तिच्याबरोबर पाणीही येते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

पाणी कंडेन्सरमध्ये राहत नाही. ते द्रवाबरोबर खालच्या दाबाच्या बाजूला जाते आणि तिथेच अडकते, कारण −३५ अंशाला पाण्याची वाफ जवळजवळ होतच नाही. अमोनिया उकळून निघून जातो, पाणी मागे राहून घट्ट होत जाते. म्हणून रिसीव्हरमधला नमुना स्वच्छ निघाला तरी त्यावर विसंबू नये. नमुना लो-प्रेशर भांड्यातून किंवा अमोनिया-पंपाच्या निकासातून घ्यावा. वजनी १० टक्के पाण्याने उकळबिंदू सुमारे दोन अंशांनी आणि २० टक्क्यांनी चार-पाच अंशांनी वर जातो. कॉइल पूर्वीइतकीच गार ठेवायची तर सक्शन तितकी खाली न्यावी लागते. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या ऊर्जा-लेखापरीक्षकांसाठीच्या मार्गदर्शनात बाष्पित्राच्या एका अंशाला सुमारे ३ टक्के वीज धरली आहे. त्या हिशेबाने १० टक्के पाणी म्हणजे ६ टक्के वीज.

नमुन्याची रीत अशी: अंशांकित नळीत १०० मिलिलिटर द्रव घ्यायचा, उघड्यावर वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहून अमोनिया उडू द्यायचा आणि उरलेले वाचायचे. जितके मिलिलिटर उरले तितके टक्के पाणी, असा व्यवहारातला ठोकताळा आहे. तो दोन चुकांमुळे बरोबर येतो. उरलेल्यात सगळे पाणी नसते. ३० अंशाला त्यात सुमारे २९ टक्के अमोनिया विरघळलेला राहतो. उलट नमुन्याचे वजनही १०० ग्रॅम नसते. उकळत्या अमोनियाची घनता ०.६८ असल्याने ते ६८ ग्रॅम भरते. ५ मिलिलिटर उरले तर ०.९ घनतेने साडेचार ग्रॅम, त्यात पाणी ३.२ ग्रॅम, म्हणजे ४.७ टक्के. ठोकताळा टाकून देण्याचे कारण नाही. मात्र तेलाचा काळसर थर दिसला तर तो आधी वजा करावा.

पाणी काढण्यासाठी रिजनरेटर, म्हणजे छोटे ऊर्ध्वपातन-भांडे वापरतात. भांडे ओल्या द्रवाने निम्म्याच्या आसपास भरून भरण्याचा व्हॉल्व्ह बंद करतात, वाफेचा मार्ग सक्शनला हळूहळू उघडतात आणि कोमट द्रवाच्या कॉइलने मंद ताप देतात. उकळी जोरात आली तर पाण्याचे थेंबही वाफेबरोबर सक्शनला परत जातात आणि श्रम वाया जातात. दाब स्थिर असून तापमान चढू लागले म्हणजे अमोनिया संपत आला. मग भांडे वेगळे करून उरलेले दाहक अमोनिया-पाणी बंद पिंपात घेतात. ते गटारात सोडायचे नाही. या कामाला चिकाटी लागते. ३,००० किलो अमोनियात ४ टक्के पाणी असेल आणि एका खेपेस १०० लिटर, म्हणजे ६८ किलो द्रव घेतला, तर पाणी निम्म्यावर आणायलाच सुमारे ३० खेपा होतात, अर्ध्या टक्क्यावर आणायला नव्वदच्या वर. चार खेपांनंतर फरक दिसला नाही म्हणून रिजनरेटर बंद पडून राहतो, तो याच गैरसमजाने.

पाणी किती खाली आणावे यावर मतभेद आहेत. द्रव अमोनियाच्या साठवण-टाक्यांच्या व्यवहारात ०.२ टक्के पाणी मुद्दाम ठेवतात, कारण ते कार्बन-पोलादाला ताणाखाली जाणारे तडे रोखते. त्यावरून प्रशीतनातही थोडे पाणी असावे, असे काही जण म्हणतात. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की हे तडे जायला ऑक्सिजन लागतो आणि थंड बाजूला त्यांचा धोका तसाही कमी असतो. तेव्हा हवा बाहेर ठेवणे हाच खरा बचाव. दुसरे मत सबळ वाटते. चालू संयंत्रात ०.२ टक्क्याच्या खाली पाणी जाण्याची वेळ क्वचितच येते, त्यामुळे वाद बराचसा पुस्तकी आहे.

नव्या नळकामाची चाचणी पाण्याने न करता कोरड्या नायट्रोजनने करणे आणि मग पोकळी ओढणे उत्तम. ३० अंशाला पाणी ४२ मिलिबारला उकळते, पण जानेवारीच्या पहाटे १२ अंशाला त्यासाठी १४ मिलिबारच्या खाली जावे लागते. उन्हाळ्यात पुरेशी ठरलेली पोकळी थंडीत पुरत नाही, ती यामुळे.

*तेल.* खनिज तेल अमोनियात जवळजवळ विरघळत नाही आणि द्रव अमोनियापेक्षा जड असते, म्हणून तळाशी बसते. भांड्याच्या तळाशी ऑइल-पॉट लावून ते काढता येते. कॉइलच्या आत मात्र त्याचा पातळ थर चिकटतो. तेलाची उष्णतावाहकता ०.१४ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन धरली, तर ०.०५ मिलिमीटरच्या थराने १,००० वॅट प्रति चौरस मीटर-केल्व्हिन क्षमतेच्या चिलरची क्षमता ७४० च्या आसपास येते.

तेलाचा जमाखर्च मांडावा. कॉम्प्रेसरमध्ये महिन्याला २० लिटर तेल घातले आणि पॉटमधून १२ लिटर निघाले, तर ८ लिटर कुठेतरी कॉइलमध्ये आहे. ते उडून जात नाही. तेल काढताना पॉट आधी भांड्यापासून वेगळा करून सक्शनला उघडावा, बाहेरचे दव-बर्फ वितळून पॉट हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे, मग सक्शनचा मार्ग बंद करून निकास उघडावा. निकासावर साध्या व्हॉल्व्हच्या पुढे हात सोडताच आपोआप मिटणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह हवाच. पॉट गार असताना तेल काकवीसारखे घट्ट राहते, येत नाही म्हणून व्हॉल्व्ह आणखी उघडला जातो, आणि गुठळी निघाली की मागून द्रव अमोनिया उसळतो. या कामात जीव गेले आहेत. दोन माणसे, गॉगल, मास्क, हातमोजे आणि वाहते पाणी यांवाचून ते करू नये. हवेत ३०० पीपीएम अमोनिया जिवाला तात्काळ धोकादायक मानतात.

*घन कचरा.* वेल्डिंगची खपली, गंज, पॅकिंगचे तुकडे स्ट्रेनरमध्ये, म्हणजे नळीतल्या गाळणीत, साठतात. सक्शन-स्ट्रेनरवर ०.१ बार दाब पडला तर −५ अंशाच्या संयंत्रात सुमारे ०.७५ अंशाचे नुकसान होते. −४० अंशाला तेच जवळपास २.८ अंश. म्हणजे कचरा तेवढाच, दंड पावणेचारपट. नवे नळकाम जोडल्यावर पहिल्या काही दिवसांत स्ट्रेनर पुन्हा उघडून पाहावा.

कंडेन्सरच्या बाहेरच्या अंगावर बसणारा क्षारांचा थर काटेकोरपणे या संज्ञेत येत नाही, कारण तो प्रशीतकात नसतो. पण हेड त्यानेही चढते. जिथे बोअरचे जड पाणी वापरतात तिथे वरील चाचणीत हवा निघाली नाही, तर पुढचा संशय त्याच्यावर घ्यावा.

*हॅलोकार्बन संयंत्रे.* फ्रिऑन-वर्गाच्या संयंत्रांत पाणी प्रशीतकात फार थोडे विरघळते. उरलेले एक्स्पान्शन-व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठते, आणि एस्टर तेल असल्यास त्याच्याशी आम्ल बनवते. त्यासाठी द्रव-नळीत पाणी शोषून घेणारा ड्रायर बसवतात. ड्रायरच्या आधी व नंतर तापमानात फरक जाणवू लागला की त्याची कोर बदलावी.